हब बदलण्याआधी बिघाडाचं कारण सांगा

इलेक्ट्रिक बाइकचं मागचं चाक दुसऱ्यांदा अडतं, तेव्हा गिऱ्हाइकाला बहुधा ठरलेलं उत्तर मिळतं: मोटर गेली, आख्खा हब बदला. नवा हब बसतो, हजारोंचं बिल होतं आणि पुढच्या पावसात दुखणं पुन्हा उलटतं. वाशी-तुर्भ्यात दिवसभर पार्सलं पोहोचवणाऱ्यांचं पोटच या चाकावर चालतं. त्यांच्या दृष्टीने हा सरळसरळ अन्याय आहे.

कारण दोष अनेकदा हबच्या बाहेर असतो.

चालताना हब तापतो आणि साचलेल्या पाण्यात शिरला की झटकन गार होतो. आतली हवा आकसते आणि ॲक्सलमधून वायर बाहेर येते त्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. असा हब उघडला की ग्रीस दुधाळ झालेलं दिसतं, बेअरिंगवर तांबूस गंज चढलेला असतो. खाडीलगतची खारी हवा त्यात भर घालते. वायर ॲक्सलच्या खाली वळसा देऊन मग वर नेली, तर पाणी वळशाच्या टोकावरूनच गळून जातं. काम पाच मिनिटांचं, पण नवा हब बसवताना वायर पुन्हा जुन्याच पद्धतीने ओढली जाते.

दुसरं कारण ढिला नट. मोटर चाक पुढे फिरवते, तेवढ्याच जोराने ॲक्सल उलटा फिरू पाहतो. नट सैल असेल तर ॲक्सल चौकटीतली खाच झिजवतो आणि वायर पिळून तोडतो. ॲक्सलला चौकटीशी जखडणारी टॉर्क आर्म नावाची लोखंडी पट्टी हे थांबवते. चाकाच्या तारांचंही तसंच. एकसारख्या ताणल्या नसतील, तर सायन-पनवेल मार्गाच्या खड्ड्यांत त्या एकेक करून तुटतात. चाक आऊट होतं आणि खापर मोटरवर फुटतं.

मग हे कोणी विचारत का नाही? 250 वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतली गाडी केंद्रीय नियमांनुसार मोटार वाहन ठरत नाही. नोंदणी नको, परवाना नको, म्हणून विचारणारंही कोणी नाही. सवलत योग्यच आहे, पण तिच्याबरोबर सुट्या भागांची जबाबदारीही उत्पादकावर यायला हवी. केंद्राने 24 डिसेंबर 2022 ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. युरोपीय संघात तर 18 फेब्रुवारी 2027 पासून ई-बाइकची बॅटरी स्वतंत्र कारागिराला बदलता येईल अशीच बनवावी लागेल.

आपल्याकडे हबपासून सुरुवात करता येईल. बेअरिंग, सील, नायलॉनचे गिअर सुटे मिळावेत. बिघाडाचं कारण बिलावर लेखी द्यावं. त्याच बाइकचा हब वॉरंटीत दुसऱ्यांदा गेला, तर चौकट, नट, तारा आणि वायर यांची तपासणी कंपनीने स्वतःच्या खर्चाने करावी. गिऱ्हाइकांनीही जुना भाग परत मागावा आणि कारण न सांगता बिल हाती ठेवलं, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.