प्रबंधातला ब्रँड आणि घरातला हुन्नर

वाणिज्य व व्यवस्थापन शाखेच्या पदव्युत्तर वर्गांत सध्या एक विषय फार लोकप्रिय आहे: सर्जनशीलता, तंत्रज्ञान आणि वैयक्तिक ब्रँडिंग. म्हणजे माणसाने आपली कल्पकता नव्या साधनांच्या मदतीने लोकांपुढे कशी मांडावी आणि स्वतःच्या नावाला बाजारात किंमत कशी आणावी. कारागिरांच्या व लहान व्यापाऱ्यांच्या घरांतील मुले-मुलीही आता या वर्गांत बसू लागली आहेत आणि हा विषय घेऊन प्रबंध लिहू लागली आहेत, ही आनंदाची बाब आहे. परंतु यांतील कितीतरी प्रबंध दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात अडकून पडतात. व्याख्या लिहून होतात, विदेशी ग्रंथांतील उतारे जमतात आणि पुढे काय लिहावे हे सुचत नाही. मग कोणी मुदतवाढ मागतो, कोणी झेरॉक्सच्या दुकानात जुना तयार अहवाल शोधतो. आता तर संगणकाला प्रश्न टाकला की तो पानेच्या पाने लिहून देतो.

आमचे स्पष्ट मत असे आहे की, हे प्रबंध हुशारी कमी पडल्यामुळे अडत नाहीत. लिहिणाऱ्याजवळ स्वतःचे साहित्य नसते, म्हणून ते अडतात. वास्तविक हे साहित्य अनेकदा घरात, मोहल्ल्यात, वडिलांच्या कारखान्यातच पडलेले असते.

शब्द नवा, व्यवहार जुना

‘वैयक्तिक ब्रँड’ ही कल्पना गाजवली ती अमेरिकन व्यवस्थापनतज्ज्ञ टॉम पीटर्स यांच्या १९९७ साली ‘फास्ट कंपनी’ मासिकात आलेल्या लेखाने. प्रत्येक नोकरदाराने स्वतःला एक कंपनी समजावे आणि आपल्या नावाची किंमत स्वतः वाढवावी, असा त्यांचा सल्ला होता. आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत हा लेख हमखास येतो. त्यानंतर उदाहरणे येतात ती सिनेतारका, क्रिकेटपटू आणि मोबाईलवर प्रसिद्ध झालेल्या मंडळींची. ही उदाहरणे चुकीची नाहीत. पण त्यांच्याविषयी विद्यार्थ्याला जेवढे ठाऊक असते तेवढे जगालाही ठाऊक असते. मग प्रबंधात नवे ते काय?

याउलट मिरजेकडे पाहा. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, शस्त्रे दुरुस्त करणारे लोक. इंग्रजी अमलात शस्त्रांचे काम ओसरले. मिरज संस्थानात पटवर्धनांच्या आश्रयाने गवई व वादक येत असत आणि त्यांची वाद्ये दुरुस्त करणारा माणूस हवा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी हे काम हाती घेतले आणि पुढे तंतुवाद्ये बनविण्याचा धंदाच उभा राहिला. घराण्याचे आडनाव बदलून ‘सतारमेकर’ झाले. धंदा बदलला, कसब नव्या कामाला लावले आणि कामावरून नाव पडले. अर्धे देशी आणि अर्धे इंग्रजी असलेले हे आडनाव म्हणजे वैयक्तिक ब्रँडच नव्हे काय? पीटर्स यांच्या लेखाच्या कितीतरी आधी तो मिरजेच्या गल्लीत तयार झालेला होता.

सर्जनशीलता कशाला म्हणावे?

पुढे हार्वर्डच्या प्राध्यापिका झालेल्या टेरेसा अमाबिले यांनी १९८३ साली सर्जनशीलतेचे जे विवेचन मांडले, त्यात तीन घटक सांगितले आहेत: त्या क्षेत्रातील कसब, नव्या पद्धतीने विचार करण्याची सवय आणि कामाची आतून असलेली ओढ. यांतील पहिला घटक कसबाचा आहे, हे विद्यार्थी लिहितात खरे, पण त्यावर थांबून विचार करीत नाहीत.

तंबोऱ्याची जवारी काढणे हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. ज्या घोडीवरून तारा जातात तिचा पृष्ठभाग इतका बारकाईने घासावा लागतो की, तार त्यावर नेमकी हलकी घासत राहावी व स्वराला झंकार यावा. जास्त घासले तर घोडी वाया जाते. याला मोजपट्टी उपयोगी पडत नाही, कान लागतो, आणि तो कान उस्तादाजवळ वर्षानुवर्षे बसल्याने तयार होतो. भोपळा मंगळवेढ्याकडून येतो, लाकूड तूनचे लागते, हे पुस्तकात लिहिता येईल. पण उस्ताद कोणत्या क्षणी हात थांबवतो, हे विचारून, पाहून आणि लिहून ठेवणारा कोण आहे? हे काम करण्याची खरी संधी त्या घरातून आलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यालाच आहे.

तंत्रज्ञान मारते आणि तारतेही

१९७९ च्या सुमारास बंगळूरचे अभियंता व बासरीवादक जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. पुढे तोच सूर मोबाईलच्या ॲपमध्ये आला. रियाझासाठी घरोघरी तंबोरा ठेवण्याची गरज कमी झाली आणि त्याचा फटका बनविणाऱ्यांना बसला. ही एक बाजू झाली. दुसरी बाजू अशी की, पूर्वी वाद्याची कीर्ती गवयाच्या तोंडून गावोगाव जाई. आज कारागिराने जवारी काढतानाची दोन मिनिटांची चित्रफीत टाकली तर लंडनचा शिकाऊ वादक ती पाहू शकतो आणि थेट मिरजेला विचारणा करू शकतो. एकाच तंत्रज्ञानाने एका वस्तूची मागणी घटविली आणि तिच्या कर्त्याला ग्राहकापर्यंत जाण्याची वाटही दिली. या दोन्ही बाजूंचा हिशेब मांडणे हा प्रबंधाचा विषय आहे. केवळ ‘तंत्रज्ञानाचे फायदे व तोटे’ अशी यादी देऊन तो पूर्ण होत नाही.

गावाचे नाव आणि माणसाचे नाव

मार्च २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. इतरत्र बनलेली वाद्ये मिरजेची म्हणून विकली जातात, अशी कारागिरांची तक्रार होती. मानांकनाने गावाच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. १९९९ च्या कायद्यानुसार ही नोंद दहा वर्षांची असते व तिचे नूतनीकरण करता येते. परंतु येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. गावाला मानांकन मिळाले म्हणजे प्रत्येक कारागिराची नोंद आपोआप होत नाही. त्याला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र अर्ज करावा लागतो. शिवाय मानांकन गावाचे असते, माणसाचे नसते. स्वतःच्या कारखान्याचे नाव राखायचे तर ट्रेडमार्क नोंदवावा लागतो. वाद्यांसाठी पंधरावा वर्ग आहे. २०१७ च्या नियमांनुसार एकट्या व्यक्तीने वा लहान उद्योगाने ऑनलाईन अर्ज केल्यास एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये फी पडते.

मानांकन असूनही जागरूकता नसेल तर काय होते, हे शेजारच्या कोल्हापूरने दाखवून दिले. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मानांकन मिळाले होते. तरी जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला मांडल्या आणि आरंभी कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. महाराष्ट्रातून ओरड झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केले. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली, कारण याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते. ज्याचा हक्क आहे त्यानेच पुढे यावे लागते, हा यातील धडा आहे.

‘काम बोलेल’ एवढे पुरेसे आहे काय?

जुने कारागीर म्हणतात, स्वतःची तारीफ काय करायची, काम बोलेल. या बोलण्यामागची विनम्रता आम्हाला मान्य आहे आणि आजकालच्या पोकळ जाहिरातबाजीपेक्षा ती शंभर पटींनी बरी आहे. परंतु नाव लावणे म्हणजे बढाई मारणे नव्हे. ज्या वस्तूवर कर्त्याचे नाव आहे तिची जबाबदारी त्याच्यावर येते. खुंटी सैल झाली, पडदा सरकला, तर ग्राहक त्याच्याच दारी येईल. निनावी वस्तू मात्र मधल्या दुकानदाराच्या नावावर जाते आणि नफाही त्याच्याच गल्ल्यात जातो. सचोटीने केलेल्या कामावर नाव घालणे हा व्यापारातील इमानाचाच भाग आहे.

प्रबंध कसा पूर्ण होईल?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास दंड नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो. चाळीस ते साठ टक्के असेल तर एक वर्ष प्रबंध सादर करता येत नाही. साठ टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. यंत्राकडून लिहून घेऊन कोणी ही टक्केवारी चुकवीलही, पण तोंडी परीक्षेत विचारलेल्या साध्या प्रश्नाला तो काय उत्तर देणार?

म्हणून आमचे विद्यार्थ्यांना सांगणे आहे की, व्याख्यांचे प्रकरण आवरते घ्या आणि वही घेऊन कारखान्यात बसा. वीस कारागिरांना तेच दहा प्रश्न विचारा. हुन्नर कोणाकडून शिकला? वस्तूवर नाव कोणाचे लागते? ती कितीला विकता आणि शेवटचा ग्राहक किती देतो? मोबाईलवरून किती मागण्या आल्या? त्यांपैकी किती पुऱ्या झाल्या? मुलगा हे काम करील काय? मुलगी करील काय? ही उत्तरे कोणत्याही ग्रंथात नाहीत, म्हणून ती चोरीची ठरणार नाहीत. विषय वाद्यांचाच हवा असे नाही. भिवंडी-मालेगावचा माग, औरंगाबादचा (आता छत्रपती संभाजीनगर) हिमरू, अथवा गल्लीतला शिंपीही चालेल.

मार्गदर्शक प्राध्यापकांनी अशा विषयांना ‘किरकोळ’ म्हणून परत पाठवू नये. आणि व्यापारी-कारागीर बांधवांनी पोरे वही घेऊन आली तर त्यांना ‘धंद्याच्या वेळी नको’ म्हणून हाकलू नये. हिशेबाची वही थोडी उघडी करावी.

पदवी मिळेल, नोकरीही मिळेल. परंतु प्रबंधाची एक प्रत ज्या कारखान्यावर तो लिहिला तेथे पोहोचली, आणि तिच्या आधारे एका जरी उस्तादाने ट्रेडमार्कचा अर्ज भरला, तर तो प्रबंध खऱ्या अर्थाने पूर्ण झाला, असे आम्ही समजू.