सेवाशुल्क नाकारा, टीप मात्र द्या

सुटीच्या दिवशी घरच्यांना घेऊन हॉटेलात जेवायला जाणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती आहे. बिल चुकतं केलं की लगेच उठू नका. ज्यानं तुम्हाला वाढलं, त्याच्या हातात टीप द्या, आणि शक्यतो रोख द्या.

पूर्वी हे आपसूक व्हायचं. बडीशेपेबरोबर सुटे पैसे परत यायचे आणि त्यातले दहा-वीस रुपये आपण तिथंच ठेवायचो. आता क्यूआर कोड स्कॅन केला की 847 रुपयांचं बिल बरोबर 847 रुपयांत भागतं. कुणी जाणूनबुजून हात आखडता घेतलेला नसतो, पण सुट्या पैशांबरोबर टीपही गेली आणि वेटरच्या महिन्याच्या मिळकतीला कात्री लागली.

बिलात एवढं काय काय लावलेलं असतं, त्यातलं काही वेटरला मिळत असेलच, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. साध्या हॉटेलच्या बिलावरचा 5 टक्के जीएसटी निम्मा केंद्राकडे आणि निम्मा राज्याकडे जातो. सेवाशुल्क जमा होतं ते हॉटेलच्या गल्ल्यात. त्यातलं कामगारांपर्यंत किती पोचतं, हे आपल्याला कळत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 रोजी स्पष्ट केलं की, हॉटेलांनी सेवाशुल्क परस्पर बिलात लावू नये. ते द्यायचं की नाही, हे ग्राहकानं ठरवावं. हॉटेलमालकांच्या संघटना याविरुद्ध न्यायालयात गेल्या, पण 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं या सूचना कायम ठेवल्या. तेव्हा असं शुल्क लावलेलं दिसलं तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. मात्र वाचलेली रक्कम तशीच खिशात घालू नका. द्यायचं की नाही हे आपण ठरवायचं, असा हक्क आपल्याला मिळाला आहे. तो वाढणाऱ्याच्या बाजूनं वापरा.

त्याचं काम एकदा नीट पाहा. थाळीच्या हॉटेलात दुपारची पंगत संपायला साडेतीन होतात आणि संध्याकाळी सातला पुन्हा सुरुवात होते. मधल्या वेळात लांबच्या खोलीवर जाऊन येणं परवडत नाही, म्हणून अनेक जण तिथंच एखाद्या कोपऱ्यात पडून राहतात. रात्री शेवटचं गिऱ्हाईक उठल्यावर टेबलं पुसून होईपर्यंत बारा वाजतात. कुणी मराठवाड्यातून आलेला असतो, कुणी ओडिशातून, कुणी नेपाळमधून. पगारातला मोठा वाटा गावी जातो. रोजचा चहा, मोबाइलचा रिचार्ज, औषधपाणी टिपेवर निघतं.

‘पगार देणं मालकाचं काम, आम्ही का भरायचं?’ हा प्रश्न रास्त आहे. पगार मालकानंच द्यायला हवा, तोही पुरेसा आणि वेळेवर. टीप हा त्याला पर्याय नव्हे. पण मालकाला सुबुद्धी होईपर्यंत गरम पोळी वेळेवर वाढणाऱ्यानं रिकाम्या हातानं घरी जावं, हा कसला न्याय? आपल्या चार माणसांच्या जेवणात वीस-तीस रुपयांनी फरक पडत नाही. त्याच्या दिवसात पडतो.

किती द्यावं? आपल्याकडे ठरलेला दर नाही. साधारण पाच ते दहा टक्के ही रीत चांगली आहे. चहा-नाश्त्याचं छोटं बिल असेल तर दहा रुपयेही पुरेत. थाळीच्या हॉटेलात एक जण पोळी वाढतो, दुसरा भाजी, तिसरा ताक. तिथं ‘दादा, टीप सगळ्यांत वाटता का?’ असं सरळ विचारा. वाटत असतील तर गल्ल्यावरच्या टिपेच्या डब्यात टाका, म्हणजे आत भांडी घासणाऱ्यालाही वाटा मिळेल. जवळ रोख नसेल तर बिलात जास्तीचे भरू नका. त्याच्याच मोबाइलवर पाठवता येतील का, ते विचारा. आणि जेवण बेचव झालं असेल तर तो राग वाढणाऱ्यावर काढू नका. स्वयंपाक त्यानं केलेला नसतो.

पाकिटात दहा, वीस, पन्नासच्या काही नोटा यासाठीच वेगळ्या ठेवा. टीप मुलांच्या हातून द्या आणि ‘थँक्यू काका’ म्हणायला शिकवा. वाढणाऱ्याच्या कष्टाचं मोल असतं, हे मुलांना कुणी तरी दाखवून द्यायला हवं. ते आपणच दाखवू या.