दोष हायब्रिडला, बिल लक्झरीचं

जुनी लेक्सस किंवा व्हॉल्व्होची हायब्रिड एसयूव्ही घ्यायला कोणी निघालं की सोलापुरात सल्ल्याला तोटा नसतो. सात रस्त्याच्या चहाच्या टपरीवर असो की अक्कलकोट रोडवरच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये, निकाल एकच ऐकू येतो : "बॅटरी गेली की गाडी भंगारात. कशाला हत्ती पोसताय?" निकाल देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती बॅटरी कधी पाहिलेली नसते, ती गाडीत नेमकी कुठे असते हेही सांगता येत नाही. पण आवाजात खात्री असते. याच्या उलट एक छोटा आणि उत्साही पंथ आहे. त्याच्या मते हायब्रिड म्हणजे पेट्रोलची बचत, त्यामुळे गाडी आपली किंमत आपणच फेडते.

हे दोन्ही पक्ष चुकतात, आणि एकाच कारणाने चुकतात. दोघांचीही नजर मागच्या दारावरच्या 'हायब्रिड' या पाटीवर खिळलेली आहे. खर्च तिथे नाही. अशा गाडीत जे बिघडतं, महाग पडतं, पुण्या-हैदराबादला हेलपाटे घालायला लावतं, ते बहुतांशी लक्झरीचं सामान. हायब्रिड यंत्रणा, निदान तिची एक जात, हा त्या गाडीतला सगळ्यात सोशिक भाग आहे.

जात म्हणण्याचं कारण असं की पाटी एक आणि वस्तू तीन असा हा बाजार आहे. पहिली माइल्ड हायब्रिड. त्यात छोटी बॅटरी इंजिनाला हातभार लावते, चाकं एकटीने फिरवत नाही. मारुतीच्या सियाझसारख्या माइल्ड हायब्रिड गाड्यांना केंद्राच्या फेम योजनेतून सवलतही मिळायची. १ एप्रिल २०१७ पासून ती बंद झाली, पण तोवर 'हायब्रिड' हा शब्द बाजाराच्या तोंडी बसला होता. दुसरी प्लग-इन : २०१६ मध्ये भारतात आलेली व्हॉल्व्हो एक्ससी९० टी८ किंवा पोर्शची केयेन ई-हायब्रिड. ही घरी चार्ज करावी लागते. ज्याच्याकडे पार्किंगमध्ये स्वतःचा १६ अँपियरचा पॉइंट नाही, त्याने ती घेऊन फक्त बॅटरीचं वजन वाहायचं. तिसरी स्ट्राँग हायब्रिड, जी स्वतःच चार्ज होते. लेक्सस २०१७ मध्ये भारतात उतरली ती आरएक्स ४५०एच घेऊन, मग एनएक्स ३००एच आली. आरएक्सची नवी किंमत तेव्हा कोटीच्या वर होती. पुढचं सगळं मंडन या तिसऱ्या जातीचं आहे. पहिल्या दोन जातींची वकिली मी घेतलेली नाही.

आता बॅटरी. मोबाइलची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, हा अनुभव लोक सरळ गाडीला लावतात. पण मोबाइल आपण शून्यापर्यंत उतरवतो आणि शंभरापर्यंत चढवतो. या गाड्यांचा संगणक बॅटरीला तसं वागूच देत नाही. ती साधारण चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवली जाते, पूर्ण भरतही नाही, पूर्ण रिकामीही होत नाही. जुन्या आरएक्स आणि एनएक्समध्ये निकेल-मेटल हायड्राइड जातीची बॅटरी आहे : वजनाला जड, स्वभावाने शांत. हेच तत्त्व १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये प्रियसबरोबर विक्रीला आलं, आणि पुढे जगभरच्या टॅक्सीवाल्यांनी प्रियस लाखो किलोमीटर पळवली. टॅक्सीवाला हिशेबाचा पक्का असतो, तो हौसेखातर हत्ती पोसत नाही.

शिवाय या यंत्रणेत काय काय नाही ते पाहा. क्लच नाही. टॉर्क कन्व्हर्टर आणि पाच-सहा गिअरची चळत असलेला नेहमीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नाही, त्याच्या जागी एक प्लॅनेटरी गिअरचा संच आणि दोन विद्युत मोटारी. वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. मागच्या चाकांसाठी वेगळी मोटार असल्याने पुढून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्टही नाही. ब्रेक दाबला की आधी मोटार जनरेटर होऊन वेग कमी करते, त्यामुळे ब्रेकपॅड इतके टिकतात की नेहमीच्या फिटरला शंका येते. जे मुळात बसवलेलंच नाही ते बिघडणार कसं, याचं उत्तर भंगारवादी पक्षाने द्यावं.

तरी या पक्षाच्या म्हणण्यात एक खरा कण आहे. बॅटरी मरू शकते. पण ती वयाने जितकी मरते त्याहून जास्त उष्णतेने मरते, आणि इथे सोलापूरचा संबंध येतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांना भिडतो, वर काळ्या मातीची बारीक धूळ. बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि तिला थंड करायला बाहेरची नव्हे, केबिनमधली हवा पंख्याने ओढली जाते. त्यासाठी सीटच्या खाली किंवा बाजूला झडपा असतात. आता आपण काय करतो? सीट मळू नये म्हणून वर सोलापुरी चादर पसरतो आणि तिची कड खाली सोडतो, नेमकी त्या झडपांवर. जीआय मानांकन मिळालेल्या आपल्या चादरीबद्दल मला पुरेपूर अभिमान आहे, पण तिची जागा ती नाही. मागे पायाशी पिशव्या, गुळाच्या ढेपा, देवदर्शनाहून आणलेल्या नारळांची पोती ठेवणंही तसंच. पंख्याला हवा मिळत नाही, मिळाली तर धुळीसकट मिळते, बॅटरी तापते आणि मग चार वर्षांनी आपण म्हणतो, "सांगितलं होतं ना, हायब्रिडचं खरं नाही!" वर्षातून एकदा पंखा आणि जाळी उघडून साफ करणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. फक्त ते उच्च दाबाच्या विजेची माहिती असलेल्या माणसाने करायचं. नारिंगी आवरणाच्या वायरीला हात लावायचा नाही, एवढं ज्याला माहीत नाही त्या मेस्त्रीच्या हाती गाडी देऊ नये, मग तो डिझेलच्या पंपात कितीही वाकबगार असो.

दुसरा सोलापुरी घात पाण्याचा. नळाला रोज पाणी नाही, म्हणून गॅरेजात आणि वॉशिंग सेंटरवर बोअरचं क्षाराचं पाणी. या गाडीत कूलंटच्या दोन टाक्या असतात, एक इंजिनाची आणि दुसरी इन्व्हर्टरची. दुसरी टाकी छोटी असते, ती कमी दिसली की पोरगं बाटलीतून पाणी ओततं. इंजिन ते वर्षभर सोसेल. इन्व्हर्टरच्या अरुंद वाटांमध्ये क्षार साचले तर जे बिल येतं ते बॅटरीच्या भीतीलाही मागे टाकतं. कंपनीने सांगितलेला तयार कूलंट डिकीत ठेवावा, त्यावर चर्चा नको.

तिसरी गोष्ट इतकी क्षुल्लक आहे की सांगताना हसू येतं. गाडीत मोठ्या बॅटरीखेरीज नेहमीची १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. ती इंजिन फिरवत नाही, फक्त संगणक जागा करते. लग्नसराई संपली, गाडी तीन आठवडे शेडमध्ये झाकून ठेवली, की ही छोटी बॅटरी उतरते आणि कोटीची गाडी दगडासारखी पडून राहते. डॅशबोर्ड अंधारा, दार किल्लीने उघडायचं. हायब्रिडची मोठी बॅटरी गेली म्हणून गावभर बोंब होते आणि काही हजारांच्या बॅटरीने गाडी चालू होते. सोलापुरातल्या निम्म्या दंतकथा इथूनच निघाल्या असाव्यात असा मला दाट संशय आहे.

मग पैसे जातात कुठे? आधी टायर. वीस इंची चाकांचा चांगल्या कंपनीचा चौकडा लाखाच्या घरात जातो. एलईडी हेडलाइटचा आख्खा संच बदलावा लागतो, नुसता दिवा मिळत नाही. एअर सस्पेन्शन असलेली गाडी घेतली तर एके दिवशी ती सकाळी एका बाजूला बसलेली दिसते. पॅनोरॅमिक छताच्या पन्हळीत धूळ साचली की पावसाचं पाणी आत ठिबकतं. सुटे भाग परदेशातून येतात, गाडी तोवर उभी राहते. विमा हा वेगळाच अध्याय. प्रमाणित पॉलिसीत गाडीची विमा-किंमत पाचव्या वर्षापर्यंत ५० टक्के घटलेली असते, त्यापुढे ती विमा कंपनी आणि मालक यांच्यात ठरते. अपघातात बदललेल्या रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांवर निम्मी रक्कम मालकाच्या खिशातून जाते. 'झिरो डेप' घेऊन हे टाळता येतं, पण जुन्या गाडीला तो मिळेलच असं नाही. या यादीत हायब्रिडचं म्हणून काय आहे? फारसं काही नाही. हेच बिल त्याच किमतीच्या डिझेल एसयूव्हीलाही येतं, वर इंजेक्टर आणि टर्बोचं वेगळं.

आता उत्साही पंथाकडे वळू. वर्षाला १० हजार किलोमीटर धरा. साध्या पेट्रोल एसयूव्हीला लिटरमागे १० आणि हायब्रिडला १५ किलोमीटर मिळाले असं मानलं, तर सव्वातीनशे-साडेतीनशे लिटर वाचतात, म्हणजे आजच्या शंभरावरच्या भावाने पस्तीस हजार रुपये. टायरचा अर्धा चौकडाही त्यात येत नाही. शिवाय ही बचत मुंबईच्या गर्दीतली, जिथे दर मिनिटाला ब्रेक लागतो आणि दर ब्रेकला थोडी वीज परत मिळते. सोलापूरकराची गाडी धावते ती राष्ट्रीय महामार्ग ६५ वर, पुण्याला अडीचशे किलोमीटर किंवा हैदराबादला तीनशे. तिथे ब्रेक लागतो तो टोलनाक्यावर. भरीला आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. २०२१ च्या नीती आयोगाच्या अहवालातच असं म्हटलं आहे की १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींचं मायलेज त्याने ६ ते ७ टक्के घटू शकतं. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात इथेनॉलविरुद्ध बोलणं धाडसाचं आहे, पण हिशेब हिशेबाच्या जागी. पेट्रोल वाचवायला जो ही गाडी घेईल त्याने ती घेऊ नये.

सगळ्यात जोरकस पूर्वपक्ष मात्र वेगळाच आहे आणि तो मी टाळणार नाही : "तेवढ्याच पैशात नवी हायक्रॉस येते की!" येते. टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस २०२३ च्या सुरुवातीला बाजारात आली, तंत्र त्याच घराण्याचं, हायब्रिड बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी. घरात सात माणसं असतील, गाडी रोज चालणार असेल आणि ड्रायव्हर बदलत असतील, तर हायक्रॉसच घ्यावी. इथे मी वाद हरलो असं कोणाला वाटत असेल तर वाटू द्या. पण हायक्रॉसने एक उपकार नकळत केला आहे. तिच्यामुळे नारिंगी वायर, इन्व्हर्टर आणि दोन कूलंट हे शब्द आपल्याकडच्या गॅरेजांत आता नवे राहिलेले नाहीत. तिच्यावर हात बसलेला माणूस जुन्या आरएक्सला घाबरत नाही. नव्या गाडीने जुनीचा रस्ता असा सोपा केला.

जुनी लक्झरी हायब्रिड कोणासाठी, तर ज्याच्या महिन्यात पुण्याच्या एक-दोन फेऱ्या ठरलेल्या आहेत त्याच्यासाठी : आईच्या गुडघ्याचा डॉक्टर, मुलाचं कॉलेज, व्यापाऱ्याची भेट. मुंबईची वंदे भारत फेब्रुवारी २०२३ पासून पुण्यावरून जाते हे खरं, पण ती डॉक्टरांच्या वेळेवर चालत नाही. अडीचशे किलोमीटरनंतर म्हातारं माणूस कंबर न धरता गाडीतून उतरतं, केबिनमध्ये हळू आवाजात बोलता येतं, टेंभुर्णीच्या पुढे ट्रकांच्या रांगेतून ओव्हरटेक करताना मोटारीचा जोर तत्काळ मिळतो. हे सगळं कोटीची किंमत निम्म्याहून खूप खाली आल्यावर मिळत असेल, तर त्याला उधळपट्टी म्हणणाऱ्याने नव्या गाडीच्या पहिल्या तीन वर्षांतली घट कागदावर मांडावी. अट एकच, गाडीच्या किमतीच्या पंधरा-वीस टक्के रक्कम बाजूला, हात न लावता ठेवायची. कर्ज काढून ही गाडी घेणाऱ्याला माझा विरोध आहे आणि तो टपरीवरच्या सल्लागारांपेक्षाही कडक आहे.

घेताना खरी भीती कशाची बाळगावी तर पुराची. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत पाणी शिरलं, डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईत. बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या गावी विकल्या जातात. ज्या गाडीची बॅटरी सीटखाली आहे तिला बुडण्यासारखा दुसरा रोग नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ पाहावी, विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागावा. परराज्यातली गाडी असेल तर तिथली एनओसी आणि इथला वयानुसारचा कर धरूनच भाव करावा. बारा महिन्यांनंतर जुन्या पाटीवर फिरता येत नाही, एमएच १३ लावावंच लागतं. डीलर "जीएसटी १८ टक्के" म्हणून पूर्ण किमतीवर कर सांगू लागला तर हसून सोडावं, कारण तो कर त्याच्या नफ्यावर असतो, गाडीच्या किमतीवर नाही.

आणि बयाणा देण्याआधी गाडी अधिकृत वर्कशॉपमध्ये नेऊन बॅटरीच्या प्रत्येक ब्लॉकचा व्होल्टेज स्कॅनरवर काढून घ्यावा, तोही मेच्या दुपारी, एसी चालू ठेवून, गाडी तासभर पळवल्यावर. ब्लॉकांमधला फरक आणि पंख्याचा आवाज दोन्ही तेव्हाच कळतात. विकणारा म्हणेल, पुण्यापर्यंत कशाला, इथेच आमच्या मेस्त्रीकडे बघू. तसं म्हणाला तर किल्ली परत द्यावी.