आमच्या दातांनी शिकविलेला धडा

गेल्या पौषातील गोष्ट. इंदूरच्या थंडीत सराफ्यात जाऊन, जिरावण भुरभुरलेला आणि लिंबू पिळलेला गरम गराडू नाकारणारा मनुष्य आम्ही अद्याप पाहिलेला नाही. आम्हीही तो नाकारला नाही. गराडू संपवून गार पाण्याचा घोट घेतला मात्र, आणि डाव्या बाजूच्या दातांतून अशी कळ मस्तकात गेली की, मुख्याध्यापकाच्या प्रतिष्ठेला न शोभणारा ‘आई ग!’ भर रस्त्यात तोंडून निघाला.

घरी सौभाग्यवतींनी लवंगेच्या तेलाचा बोळा दिला. घटकाभर बरे वाटले. पुढे मात्र नळाचे पाणी, पेरूची फोड, इतकेच काय पण पहाटेचा वाराही दातांना सोसेना. अस्वच्छतेची ही शिक्षा असावी असे समजून आम्ही दात दुप्पट जोराने घासू लागलो. कळ वाढली.

शेवटी दंतवैद्याकडे गेलो. हे डॉक्टर आमचेच जुने विद्यार्थी. त्यांनी हाती आरसा दिला. सुळ्यामागील दोन दातांना हिरडीलगत खाचा पडलेल्या दिसल्या. ‘सर, ही कीड नव्हे, हे घासणे आहे,’ ते म्हणाले. मग किंचित हसून, ‘तांब्याचे भांडे घासता तसे दात घासा, असे प्रार्थनेनंतर आपणच आम्हांला सांगत होता.’ आम्ही निरुत्तर झालो.

त्यांनी समजाविले ते असे. दातावरचे एनॅमलचे कवच हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. परंतु हिरडीखालील मुळावर हे कवच नसते. जोराने आडवे घासल्याने, मशेरीने, कोळशाने किंवा भरड दंतमंजनाने हिरडी मागे सरते व मूळ उघडे पडून झिजते. आतील डेंटीनमध्ये अतिसूक्ष्म नलिका असून त्यांत द्रव असतो. गार किंवा गोड पदार्थ लागताच तो द्रव हलतो आणि आतील मज्जातंतू जागे होतात. स्वीडनचे मार्टिन ब्रेनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात मांडलेली ही उपपत्ती आजही ग्राह्य मानतात. आंबटाने कवच काही काळ मऊ पडते. म्हणून लिंबू किंवा चिंच खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी व दात घासण्यापूर्वी निदान अर्धा तास थांबावे. झोपेत दात खाण्याची सवय आणि आम्लपित्त यांनीही दात झिजतात.

घरचा उपाय साधा आहे. मऊ केसांचा ब्रश लेखणीसारखा हलक्या हाती धरावा आणि दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे फिरवावा. संवेदनशील दातांसाठी मिळणारी, फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरावी. तिच्यात बहुधा ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपला सोरा असतो. तो मज्जातंतूंना शांत करतो. गुण येण्यास दोन ते चार आठवडे लागतात. दोन दिवसांत कंटाळून पेस्ट बदलू नये. एवढ्याने न भागल्यास दवाखान्यात फ्लोराइडचा लेप देतात, नलिकांची तोंडे बंद करणारे औषध लावतात किंवा खाच दाताच्या रंगाच्या द्रव्याने भरतात. हिरडी फारच मागे गेली असेल तर लहानशी शस्त्रक्रियाही करतात. आमच्या खाचा भरल्या. पेस्ट मात्र नेमाने चालू आहे.

मात्र वाचकहो, एक भेद ध्यानी ठेवा. गार लागताच उठून क्षणात विरणारी कळ निराळी. गार किंवा गरम लागून गेल्यावरही ठणकत राहणारी, रात्री आपोआप उठणारी, एकाच दातात चावताना येणारी किंवा सुजेसह असणारी वेदना निराळी. तिच्यामागे कीड अथवा दाताची चीर असू शकते, आणि तेथे पेस्ट व लवंग केवळ वेळ घालवितात. आमच्या थोरल्या वहिनींनी अशी दाढ लवंगेवर पाच महिने काढली. वेळेवर जात्या तर रूट कॅनालने वाचती; अखेर ती उपटावी लागली. काही जण दुखऱ्या हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून धरतात; तिने हिरडी भाजते. खर्चाच्या धास्तीने घरी बसणाऱ्यांनी येथील शासकीय दंत महाविद्यालयाची वाट धरावी.

पुढच्या सोमवारी प्रार्थनेनंतर आम्ही मुलांसमोर उभे राहिलो आणि तीस वर्षे शिकविलेला पाठ मागे घेतला. सांगताना जीभ थोडी अडखळली, हे कबूल केले पाहिजे. सहावीतील एका मुलाने विचारले, ‘सर, मग ब्रश धरायचा कसा?’ आम्ही खिशातला खडू तीन बोटांत धरून दाखविला. आपणही आज रात्री मुलाबाळांना जवळ बसवून तसेच दाखवावे, ही विनंती.