आधी प्रवाळाचं बिल दाखवा

खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणं हा माझा धंदा. मुंबईतली घरं, दवाखाने, हॉटेलांच्या लॉब्या फिरून मी पाणी तपासतो, मीठ कालवतो, पंप उघडून धुतो. हल्ली नवं गिऱ्हाईक पहिल्या भेटीतच विचारतं, "कॅल्शियम रिअ‍ॅक्टर बसवून द्याल ना?" कुणाची तरी टाकी मोबाइलवर पाहिलेली असते, बजेटही ठरलेलं असतं. बसवून दिला तर चार पैसे मलाही मिळतात. तरी माझं स्पष्ट मत आहे: आपल्याकडच्या बहुतेक घरांत हे यंत्र नको.

यंत्राशी माझं वाकडं नाही. त्यामागचं रसायन आपण सगळे शाळेत शिकलोय. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलं की ती दुधाळ होते, इथवर सर्वांना आठवतं. पण पुढेही फुंकत राहिलं तर ती पुन्हा नितळ होते, कारण तयार झालेलं कॅल्शियम कार्बोनेट जादा कार्बन डायऑक्साइडमुळे विरघळतं. रिअ‍ॅक्टर म्हणजे या प्रयोगाचा उत्तरार्ध. बंद नळकांड्यात प्रवाळाच्या सांगाड्याची खडी भरायची, तिच्यातून टाकीचं पाणी फिरवायचं आणि सिलिंडरमधून त्याच कार्बन डायऑक्साइड गॅसचे बुडबुडे सोडायचे. आतला सामू साडेसहाच्या आसपास उतरला की खडी विरघळू लागते. ते पाणी बारीक धारेने टाकीत परततं आणि जिवंत प्रवाळ त्यातून आपला सांगाडा रचतं. १९९० च्या दशकात जर्मनीतल्या हौशी मंडळींनी ही पद्धत रुळवली.

बसवायला अर्धा दिवस पुरतो, जुळवायला आठवडे जातात. आधी रिअ‍ॅक्टर न लावता टाकी रोज किती कार्बोनेट खाते ते मोजायचं. समजा टाकी ४०० लिटरची आहे आणि तिची अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, दिवसाला १ डिग्री उतरते. रिअ‍ॅक्टरमधून येणारं पाणी ३० डिग्रीचं, टाकी ठेवायची ८ वर, म्हणजे लिटरमागे २२ डिग्री जादा मिळतात. ४०० ला २२ ने भागा. दिवसाला १८ लिटरच्या थोडं वर, मिनिटाला साधारण साडेबारा मिलीलिटर. मोजपात्र आणि घड्याळ घेऊन धार तेवढी बांधायची, मग गॅसला हात लावायचा. दोन्ही एकाच दिवशी फिरवलं तर कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी काचेच्या नळीत टाकीचं ५ मिली पाणी घ्यायचं आणि निळ्याचं पिवळं होईपर्यंत तपासणीच्या द्रावणाचे थेंब मोजायचे.

गॅस जास्त झाला, सामू सहाकडे घसरला, की खडीचा चिखल होतो. धारेच्या बारीक नळात गाळ अडकला की पाणी आत रेंगाळतं आणि सगळं गणित बिघडतं. शिवाय उरलेला गॅस टाकीत उतरतो. एसीसाठी खिडक्या बंद ठेवलेल्या फ्लॅटमध्ये टाकीचा सामू आधीच खाली असतो, त्यात ही भर. पण एवढे पैसे मोजून यंत्र घेतल्यावर रोज थेंब कोण मोजणार? मोजायला नको म्हणूनच तर ते घेतलेलं असतं!

आणि हा सगळा खटाटोप ज्याच्यासाठी, ते दगडी प्रवाळ टाकीत आलं कुठून? दगडी प्रवाळांचा अख्खा गण २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. कोस्टल रोडच्या वाटेत वरळी आणि हाजी अलीला प्रवाळं आढळली, तेव्हा २०२० मध्ये ती हलवायला महापालिकेलाही परवानगी काढावी लागली होती. दुकानात मात्र असली प्रवाळं पाण्याच्या पिशवीत बांधून मिळतात आणि बिलावर, बिल दिलंच तर, नुसतं 'फिश' लिहिलेलं असतं. मालवणहून आलेल्या एका गिऱ्हाइकाने किनाऱ्यावर वेचलेले प्रवाळाचे तुकडे पिशवीभर आणले होते. "दादा, रिअ‍ॅक्टरमध्ये हेच घाला, खडीचा खर्च वाचेल." मेलेलं प्रवाळही त्याच कायद्यात येतं म्हटल्यावर ते चाट पडले. 'आमचा माल इंडोनेशियाचा' असं सांगणाऱ्या विक्रेत्याचीही सुटका नाही. दगडी प्रवाळाचा देशोदेशींचा व्यापार साइट्स कराराखाली येतो, तेव्हा परवान्याचा कागद हवाच.

मासे आणि मशरूम, झोआंथस असे दगडी सांगाडा न रचणारे जीव एवढाच संसार असेल तर टाकी कॅल्शियम फारसं खात नाही. आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तरी भागतं. त्याहून थोडं जास्त लागलं तर चुन्याची निवळी थेंबाथेंबाने सोडावी, सिलिंडरची गरज नाही.

विक्रेत्यांना माझं सांगणं आहे की बिलावर प्राण्याची जात आणि तो कुठून आला हे लिहा. ग्राहकांनी असं बिल मागितल्याशिवाय पिशवी हातात घेऊ नये. रिअ‍ॅक्टर लावायला मला बोलावलंत तर यापुढे मी आधी तेच बिल पाहायला मागणार आहे.