सबबी सांगा

गेल्या डिसेंबरात आमच्या कंपनीच्या लिंक्डइन पानावर माझा फोटो झळकला. अंग ओलं, पोट आत ओढलेलं, गळ्यात मेडल. वर ठळक अक्षरांत: 'सबबी नकोत. फक्त निर्धार.' खाली माझ्या नावावर चार परिच्छेद. मजकूर मीच लिहून दिला होता, पण एचआरमधल्या कुणीतरी तो 'जरा पॉझिटिव्ह' केला. मी लिहिलं होतं की आठवड्यातून तीन दिवस घरून काम करायला मिळालं म्हणून मला ट्रायथलॉन जमली. छापून आलं की मी रोज पहाटे साडेचारला उठलो म्हणून जमली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण पहिली होती म्हणून दुसरी शक्य झाली, आणि पोस्टमधून नेमकी पहिलीच गायब झाली.

लाइक भरपूर आले. त्याच रात्री टीममधल्या एका ज्युनियर मुलीचा मेसेज आला: 'दादा, खरं सांग, एवढा वेळ कुठून काढलास?' मी लिहिलं, 'काढावा लागतो गं.' वर दंड फुगवलेला इमोजी.

त्या उत्तराची मला अजून लाज वाटते. म्हणून हे लिहितोय.

मी २६ वर्षांचा असताना माझं वजन ९१ किलो होतं. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये फॅटी लिव्हर निघालं आणि एचबीएवनसी ६.१. डॉक्टर म्हणाले, 'डायबेटिस नाहीये अजून, पण रांगेत उभे आहात.' रांगेत उभा कसला, बसलेलोच होतो. कोथरूडहून हिंजवडीला दुचाकीवर जाताना दीड तास, येताना दीड तास. मधले नऊ-दहा तास खुर्चीत. रात्री आठनंतर जेवण, मग पुन्हा कॉल, कारण समोरच्यांची तेव्हा सकाळ होते. या वेळापत्रकात दीड तास पोहायला कुठे बसवायचा हे मला कुणी कॅलेंडर उघडून दाखवावं. 'सकाळी उठायचं की' म्हणणाऱ्यांनी आधी रात्री साडेबाराला लॅपटॉप बंद करून बघावा.

मग कंपनीने हायब्रिड मॉडेल आणलं. दोन दिवस ऑफिस, तीन दिवस घर. तीन दिवसांचे तीन-तीन तास म्हणजे आठवड्याला नऊ तास हातात आले. माझ्या कोचच्या प्लॅनला आठवड्याला आठ तास लागायचे. माझ्या तथाकथित निर्धाराचा उगम या वजाबाकीत आहे.

आमच्या धंद्यात एक चांगली रीत आहे. रात्री दोनला सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी पोस्टमॉर्टेम लिहायचं, आणि त्यात 'अमक्याने हलगर्जी केली' असं लिहायचं नाही. सिस्टिममध्ये काय होतं म्हणून हे घडलं, ते शोधायचं. मेमरी कमी पडली, अलर्ट लागला नव्हता, एकाच माणसावर तीन कामं होती. सर्व्हर आळशी आहे असं म्हणणाऱ्या इंजिनियरला आम्ही वेड्यात काढू. तेच आम्ही इंजिनियर संध्याकाळी रील बघतो, एक पिळदार माणूस सांगतो की तुमची हाडं आळशी आहेत, आणि आम्ही मान डोलावतो. सबब म्हणजे तरी काय? वेळ नाही, जागा नाही, गुडघा दुखतो, रात्री परतायला रस्ता सुरक्षित नाही. हा एरर लॉग आहे. तो न वाचता डिलीट करा, असं सांगणाऱ्याला आपण प्रेरणादायी म्हणतो.

माझे आजोबा मिरज तालुक्यातले. साखर कारखान्यात कामाला होते. घर ते कारखाना ११ किलोमीटर, रोज सायकलने, म्हणजे येऊन-जाऊन २२. स्प्रिंट ट्रायथलॉनमध्ये सायकल २० किलोमीटर चालवायची असते. उन्हाळ्यात ते गावातल्या पोरांच्या पाठीला सुकवलेला भोपळा बांधून त्यांना विहिरीत ढकलायचे. आठवड्याभरात भोपळा सुटायचा. माझ्या बाबांचाही तसाच सुटला. रानात चालणं तर मोजायचंच नाही. पोहणं, सायकल, पाय या तिन्ही गोष्टी त्यांच्या दिवसात होत्या, आणि त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं. मे महिन्यात मला मात्र विहिरीऐवजी व्हेकेशन बॅचमध्ये ढकललं गेलं. इंजिनियरिंगला नंबर लागला, तोवर विहिरीला पाणी राहिलं नव्हतं.

जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाहीये. आजीचा विहिरीशी संबंध पाणी शेंदण्यापुरताच होता. तिला सायकल येत नव्हती, कारण कुणी शिकवली नाही. ते विसरून 'पूर्वीची माणसं कशी काटक' म्हणणं हाही एक प्रकारचा लिंक्डइनच.

पण जे फुकट होतं ते विकत कसं झालं हे बघा. पुणं सायकलींचं शहर होतं हे पुणेकर अजून सांगतात, दुचाकीवर बसून. मुठेत पोहायला उतरणाऱ्याला आज लोक आधी दवाखान्यात नेतील. फुटपाथ आहे तिथे त्यावर गाड्या आहेत, आणि गाड्या नाहीत तिथे खोदकाम आहे. म्हणून मी तिन्ही गोष्टी परत विकत घेतल्या. सवयीने एक्सेल शीट ठेवली होती, त्यातले आकडे असे: जुनी रोड बाइक ३८ हजार. बूट ७ हजार. पूल १० महिने, २५ हजार. कोच ८ महिने, ३२ हजार. हेल्मेट, गॉगल, ट्रायसूट वगैरे ८ हजार. प्रवेश फी ५ हजार. जाणं-येणं आणि लॉज ६ हजार. एकूण १ लाख २१ हजार रुपये. छोट्या पल्ल्याच्या ट्रायथलॉनसाठी. फोटोखाली हे लिहिलं असतं तर 'फक्त निर्धार' या शब्दांतला 'फक्त' काढावा लागला असता.

आता आईबद्दल. रिटायर झाल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. तिला खरंच डायबेटिस आहे. डॉक्टरांनी रोज ४० मिनिटं चालायला सांगितलं. ती कॉलनीबाहेरच्या रस्त्यावर चालायला लागली, आणि तिसऱ्या आठवड्यात वर आलेल्या चेंबरच्या झाकणाला अडखळून पडली. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, 'जपून चालायचं ना काकू.' मीही म्हणालो. झाकण वर आलं होतं हे आमच्यापैकी कुणालाच सांगण्यासारखं वाटलं नाही.

त्याच आठवड्यात मी ती ३८ हजारांची सायकल घेतली.

हल्ली आई सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारते. दोन गाड्यांच्या रांगा, मध्ये बोळ, एका फेरीला ११० पावलं. जवळ पालिकेचा जलतरण तलाव आहे, पण बायकांची बॅच दुपारी, आणि चौकशीला गेलो तेव्हा 'सध्या बंद आहे' हे उत्तर दोनदा मिळालं. आईच्या पार्किंगमधल्या फेऱ्यांवर कुणी पोस्ट लिहिणार नाही. माझ्या मते तिचं सातत्य माझ्यापेक्षा जास्त आहे, आणि तिला मेडल कुणी दाखवलेलंही नाही.

हे आमच्या घरापुरतं नाही. २०२४ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये एक मोठा अभ्यास आला. त्यानुसार २०२२ मध्ये भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल पुरेशी नव्हती. पुरेशी म्हणजे आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ मिनिटं जोरकस. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, बायकांत ५७. निर्धारवाल्यांना माझा साधा प्रश्न आहे: हे १५ टक्के कुठून आले? भारतातल्या बायका पुरुषांपेक्षा इतक्या जास्त आळशी आहेत, असं तुमच्या आईसमोर उभं राहून म्हणून दाखवा.

यावर एक प्रतिवाद येतो आणि तो फालतू नाही. माझ्याच टीममध्ये हायब्रिड अकरा जणांना मिळालं, ट्रायथलॉन मी एकट्याने केली. मग फरक निर्धाराचाच ना? थोडा आहे. तो नाकारला तर त्या रविवारी राजाराम तलावात जे झालं ते खोटं ठरेल.

कोल्हापूरचा तलाव, पहाटेची थंडी, ७५० मीटर. पुलात खाली निळी रेघ असते, इथे खाली हिरवा अंधार. पहिल्या शंभर मीटरमध्ये कुणाची तरी टाच गॉगलवर बसली आणि माझा श्वासच सुटला. छातीत धपधप, तोंडात पाणी. उताणा झालो, बचाव पथकाची कयाक आली, तिला धरून लोंबकळलो. नियमात ते बसतं, फक्त तिच्या जोरावर पुढे जायचं नाही. कयाकवरच्या पोराने विचारलं, 'काढू का भाईर?' त्याच्याकडे बघत मी वीस-पंचवीस श्वास मोजले आणि पुन्हा हात मारायला लागलो. सायकल बरी गेली. सायकलवरून उतरून पळायला लागलं की पाय दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे लाकडी होतात, तसेच रेटले. शेवटच्या किलोमीटरला रस्त्याकडेचे एक आजोबा म्हणाले, 'दमानं, दमानं! कोण मागं लागलंय व्हय?' १ तास ५८ मिनिटांत संपवलं. नंतर रडलो, तेही लिहून ठेवतो.

तर हो, कयाक सोडायला काहीतरी लागलं, आणि ते माझं होतं. पण मला त्या तलावापर्यंत आणलं ते नऊ तासांनी, सव्वा लाखाने, आणि पहाटे पाचला एकट्याने रस्त्यावर पळताना मागे वळून बघावं न लागण्याच्या सोयीने. उरलेल्या दहा जणांतल्या दोघींची मुलं लहान आहेत. एकाचे वडील डायलिसिसवर आहेत. एकाला पळण्यात शून्य रस आहे, आणि तो त्याचा हक्क आहे.

निर्धाराचीच परीक्षा घ्यायची असेल तर ती नंतर झाली. मार्चमध्ये ईमेल आला: एक तारखेपासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिस. 'सहकार्याची संस्कृती' वगैरे. एप्रिलमध्ये मी आठ तासांवरून पाचवर आलो, जूनमध्ये दोनवर. आता रविवारी एकदा पळतो, तेही पाऊस नसेल तर. चार किलो परत आले. मी तोच आहे, सायकल तीच आहे, पहाटेचे साडेचारही रोज वाजतात. बदललं ते एक ईमेल. ज्या कंपनीने माझ्या निर्धारावर पोस्ट टाकली, तिनेच तो निर्धार पाच ओळींत संपवला. पोस्ट मात्र अजून पानावर पिन केलेली आहे.

म्हणून माझं म्हणणं आहे की सबबी सांगा. मोठ्याने, एचआरच्या वेलनेस वेबिनारमध्ये सांगा. झुंबा सेशनची लिंक आली की प्रवासाचे तास लिहून परत पाठवा. वॉर्ड ऑफिसात चेंबरच्या झाकणाचा फोटो द्या. मी दिलाय, तक्रार क्रमांक मिळालाय, झाकण तसंच आहे. नगरसेवकाला बागेतल्या ओपन जिमच्या उद्घाटनाला गाठा आणि तलाव कधी उघडणार ते विचारा.

आणि त्या मुलीला गेल्या महिन्यात मी खरं उत्तर पाठवलं. ती शीटच पाठवली, तास आणि पैसे सगळं. तिने पंधरा मिनिटांनी लिहिलं, 'दादा, यात काकूंचे तास कुठल्या कॉलममध्ये आहेत?'

नव्हतेच. मी साडेचारला उठायचो तेव्हा आई सव्वाचारला उठलेली असायची. भिजवलेले मूग, डबा, वाळत घातलेले पोहण्याचे कपडे. शीट पुन्हा उघडून वरपासून वाचली. तिच्या हाताला प्लास्टर होतं त्या सहा आठवड्यांत माझे तास आठवरून तीनवर घसरलेले दिसतात. कारणाच्या रकान्यात मी लिहून ठेवलं होतं: 'ऑफिसचा लोड.'