जत्रेतला मुक्काम

सहकुटुंब तंबूत राहणे ही नवी हौस आहे, असे पर्यटनाचे जाहिरातदार सांगतात. खानदेशाला ते पटू नये. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीस, तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा सुरू होते. (१९९८ साली नंदुरबार जिल्हा होईपर्यंत हे गाव धुळे जिल्ह्यातच होते.) तिथला घोडेबाजार जगजाहीर झाला, पण आज साठी ओलांडलेल्या अनेकांना आठवतो तो बैलगाडीचा मुक्काम. गाडीवर गोधडी ताणली की घर झाले. तीन दगडांची चूल, कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत आणि कडाक्याच्या थंडीत गाडीखाली कडब्यावर आजीला बिलगून झोपणे. पीठ, बैल, अंथरूण सारे घरचे. विकत घ्यायची ती शेव-जिलेबी. शेतकऱ्याला परवडणारी एवढी एकच सहल होती.

पुढे चेतक महोत्सवाच्या निमित्ताने शासनाच्या पुढाकाराने तेथे पर्यटकांसाठी तंबू उभे राहिले. बाहेरचा पाहुणा यावा, यास हरकत नाही. परंतु कारकुनाचे वा शेतमजुराचे कुटुंब आता एस.टी.ने येते आणि अंधार पडण्याआधी परतते. त्याच्या मुलांच्या वाट्याला मुक्कामच येत नाही. सार्वजनिक पैसा खर्चायचाच, तर विनामूल्य मुक्कामाचे मैदान, पाण्याचे नळ, स्वच्छ शौचालये आणि रात्रभर दिवाबत्ती यांवर तो आधी खर्चावा. तंबू काय, लोक घरून आणतील.